सैन्यात हवं ते काम, हवी ती बदली: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या विभागाकडे येणाऱ्या पत्रांत बदलीचा प्रश्न सगळ्यात जास्त असतो. काही पत्रं जवानांची, बरीचशी घरच्यांची. उत्तरं देण्याआधी एक गोष्ट सगळ्यांसाठीच सांगतो, कारण निम्मे अर्ज इथेच अडतात. गावात आपण ज्याला सरसकट ‘बदली’ म्हणतो, त्यात चार वेगवेगळे अर्ज असतात. एक, काम तेच, रेजिमेंट तीच, फक्त ठिकाण बदलायचं. दोन, रेजिमेंट तीच पण ट्रेड, म्हणजे कामाचा प्रकार, बदलायचा, उदाहरणार्थ जनरल ड्युटीतून क्लार्क. तीन, रेजिमेंट किंवा कोरच सोडायची. चार, ईआरई, म्हणजे आपल्या पलटणीबाहेर ठराविक मुदतीसाठी नेमणूक: एनसीसी, राष्ट्रीय रायफल्स, एखादं मुख्यालय, भरती कार्यालय. चारही अर्जांचे निकष वेगळे आहेत. ‘घराजवळ क्लार्कची पोस्टिंग मिळावी’ असा एकच अर्ज केला, तर त्यात दोन मागण्या होतात आणि कुठलीच धड मांडली जात नाही.

प्रश्न: मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका बटालियनमध्ये शिपाई, जनरल ड्युटी. नोकरी सहा वर्षं, वय २५. बारावी कॉमर्स ६४ टक्के, इंग्रजीत ४७. मला क्लार्क व्हायचं आहे. कंपनीत तोंडी विचारलं, ‘बघू’ म्हणाले. पुढे काय करू? (एक जवान, ता. खटाव)

तोंडी विचारणं म्हणजे अर्ज नव्हे. त्याची कुठे नोंद होत नाही, आणि कंपनी कमांडर बदलले की विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आधी तुमच्या गुणांचं बघू. भरतीच्या वेळी क्लार्कसाठी बारावीला एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात किमान ५० टक्के, आणि इंग्रजी तसंच गणित, अकाउंट्स किंवा बुक-कीपिंग यांपैकी एका विषयात ५० टक्के लागतात. सेवेत असताना ट्रेड बदलायचा झाला, तर लागू होणारी अट तुमच्या रेकॉर्ड ऑफिसच्या (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) चालू पॉलिसी लेटरमध्ये असते. ते पत्र बटालियनच्या हेडक्लार्ककडे असतं. वेळ मागून घ्या आणि समोर बसून वाचा. भरतीचाच निकष तिथे कायम असेल, तर तुमचे ६४ टक्के चालतील पण इंग्रजीचे ४७ आडवे येतील, आणि सीओ साहेबांच्या (बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरच्या) शिफारशीनेही ते भरून निघत नाहीत. मग एकच मार्ग उरतो: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून पुन्हा परीक्षा. त्यापूर्वी दोन कामं करा. शिकण्यासाठी युनिटची लेखी परवानगी घ्या, आणि नव्या गुणपत्रिकेतले गुण ट्रेड बदलासाठी धरले जातील का, हे हेडक्लार्कमार्फत रेकॉर्ड ऑफिसला विचारून घ्या. परवानगीशिवाय मिळवलेली पदवी किंवा गुणपत्रिका नंतर सेवापुस्तकात चढवताना फार त्रास होतो.

आता अर्जाचा रस्ता. प्लाटून हवालदाराला कळवायचं, कंपनीच्या सीनियर जेसीओ साहेबांमार्फत कंपनी कमांडरांचा इंटरव्ह्यू मागायचा, तिथून अ‍ॅडज्युटंट, मग सीओ साहेबांची शिफारस, आणि मग फाइल तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे बेळगावला. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. सोबत दहावी-बारावीच्या साक्षांकित गुणपत्रिका, शिक्षणाची नोंद झालेल्या पार्ट टू ऑर्डरची (जवानाच्या माहितीतला बदल अधिकृतपणे नोंदवणाऱ्या आदेशाची) प्रत, मेडिकल कॅटेगरी (तब्येतीचा लष्करी दर्जा), शिस्तीबद्दलचं प्रमाणपत्र, टायपिंग किंवा एमएस-सीआयटी झालं असेल तर त्याची प्रत.

या यादीत पार्ट टू ऑर्डरवर आमचा सगळ्यात जास्त जोर आहे. रेकॉर्ड ऑफिस तुम्हाला कागदावरून ओळखतं. बारावी पास आहात, पण पार्ट टू ऑर्डर निघालेली नाही, तर रेकॉर्डच्या लेखी तुम्ही दहावीच पास. लग्न, मुलं, नावातली दुरुस्ती, शिक्षण, सगळ्याला हेच लागू. आपल्याकडे नेहमी होणारी चूक नावाची आहे: दहावीच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावात कुठे ‘राव’ आहे तर कुठे नाही. अर्जापूर्वी तीन कागद शेजारी ठेवून तपासा: दहावीचं प्रमाणपत्र, आधार, सेवापुस्तक. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा, मग अर्ज.

अर्ज मंजूर होणं दोन गोष्टींवर ठरतं. क्लार्कच्या ट्रेडमध्ये जागा रिकामी हवी, आणि तुमच्या बटालियनने तुम्हाला सोडायला हवं. रायफल कंपनीत माणसं कमी असताना, किंवा पलटण फील्डला (सीमेकडच्या किंवा कारवाईच्या भागात) निघायच्या तयारीत असताना सीओ सहसा सोडत नाहीत, आणि त्यांचं ते चुकत नाही. पलटण पीस स्टेशनला (शांत भागातल्या ठाण्यात) स्थिरावल्यावर अर्ज द्या. सेवापुस्तकात रेड इंक एंट्री (शिक्षेची लाल शाईतली नोंद) असेल तर आधी हेडक्लार्कला विचारा की ती किती काळ आडवी येते.

एक किंमत मोजावी लागेल, ती आधीच माहीत असू द्या. स्वतःच्या विनंतीवर ट्रेड बदलला की नव्या ट्रेडच्या सीनियॉरिटीत खालून सुरुवात करण्याची तयारी ठेवावी लागते. तुमच्या बरोबरीचा मित्र नाईक होईल आणि तुम्ही शिपाईच असाल. ज्या वाचकांचा ट्रेड एक्स ग्रुपमध्ये (तांत्रिक ट्रेडच्या वेतनगटात) आहे आणि डिप्लोमावर दरमहा ६,२०० रुपये एक्स पे मिळतो, त्यांनी वाय ग्रुपच्या ट्रेडसाठी अर्ज करताना हे पैसे जाणार, हे घरी सांगून ठेवावं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमचं वय आणि शिक्षण बघून सांगतोच. बारावी पास, वय २० ते २७ आणि किमान दोन वर्षं सेवा झालेल्या जवानाला आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होण्यासाठी अर्ज करता येतो. लेखी परीक्षा, मग एसएसबी (अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत), मग डेहराडूनला तीन वर्षांत पदवी आणि त्यानंतर आयएमएचं, म्हणजे भारतीय सैन्य अकादमीचं, एक वर्ष. तुमच्या हातात दोन वर्षं आहेत. इंग्रजीवर मेहनत करणारच असाल, तर हीही वाट डोळ्यांसमोर ठेवा.

प्रश्न: माझे मिस्टर तोफखान्यात आहेत, सध्या फील्डला. सासूबाईंचं डायलिसिस मिरजेला आठवड्यातून दोनदा असतं. घरी मी आणि दोन लहान मुलं. त्यांना बेळगाव किंवा कोल्हापूरला बदली मिळेल का? (एक जवानपत्नी, ता. तासगाव)

ताई, तुमची अडचण खरी आहे आणि सैन्यात तिच्यासाठी वाटही आहे. तिला कम्पॅशनेट ग्राउंडवरची पोस्टिंग म्हणतात. पण बेळगाव मागू नका. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, तोफखान्याच्या गनरसाठी तिथे जागा निघणं कठीण. प्रत्येक कोरची आपली ठिकाणं असतात. तोफखान्याचं सेंटर आणि रेकॉर्ड नाशिक रोडला, तोफखान्याचं स्कूल देवळालीला. इंजिनियर्समधल्या आपल्या बहुतेक मुलांसाठी खडकीचा बॉम्बे सॅपर्स, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीसाठी अहिल्यानगर, गार्ड्ससाठी कामठी. शिवाय पुणे हे दक्षिण कमांडचं मुख्यालय, तिथे जवळपास सगळ्याच कोरच्या थोड्याफार जागा असतात. तुमच्या मिस्टरांनी पहिली पसंती पुणे आणि दुसरी नाशिक रोड किंवा देवळाली अशी दिली, तर अर्जाला जागेचा आधार मिळतो. पुण्याला कमांड हॉस्पिटलही आहे. सासूबाई डिपेंडंट म्हणून नोंदलेल्या असतील तर उपचार तिथेच होतील. घर मिरजेच्या जवळ असण्यापेक्षा हे अनेकदा जास्त सोयीचं पडतं.

सासूबाईंचं नाव डिपेंडंट म्हणून चढलंय का, हे आजच मिस्टरांना विचारा. त्यासाठी सासूबाईंच्या उत्पन्नाची मर्यादा पाळली जावी लागते आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून घ्यावा लागतो. नाव नसेल तर अर्जाचा पायाच कच्चा राहतो.

कागद असे लागतील. डायलिसिस कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, पुढे किती काळ लागेल, हे रुग्णालयाच्या लेटरहेडवर, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी; शक्यतो सरकारी रुग्णालयाचं. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथून घेतलेल्या कागदाला वजन येतं. कुटुंबात दुसरा कमावता किंवा सांभाळणारा पुरुष नाही, याचा दाखला. मिस्टरांना भाऊ असेल तर तो लपवू नका. तो कुठे राहतो, का सांभाळू शकत नाही, हे स्पष्ट लिहा. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होते, गावात विचारपूस होते, आणि लपवलेला एक भाऊ सापडला की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. कागद मराठीत असतील तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. दुसऱ्या राज्यातल्या युनिटच्या ऑफिसात मराठी वाचणारा असेलच असं नाही.

अर्ज मिस्टरांनीच, युनिटमधून करायचा. तुम्ही स्वतः सीओ साहेबांना पत्र लिहू शकता आणि लिहाच. एक पान पुरे: काय आजार, घरी कोण, तुमच्यावर काय पडतंय. त्याच वेळी सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना भेटून लेखी निवेदन द्या, म्हणजे चौकशीचं पत्र आल्यावर त्यांच्याकडे तुमची माहिती आधीच असेल. आमदार-खासदारांचं शिफारसपत्र मात्र जोडू नका. सैन्याच्या नियमांत बाहेरून दबाव आणणं बसत नाही आणि त्याचा ठपका जवानावर येतो.

पूर्ण पोस्टिंगला वेळ लागतो. तातडी असेल तर मिस्टरांना काही महिन्यांच्या अटॅचमेंटसाठी वेगळा अर्ज करता येतो. अटॅचमेंटमध्ये ते आपल्या युनिटच्याच पटावर राहतात, त्यामुळे सीओंना होकार देणं सोपं जातं. आणि पोस्टिंग नाहीच मिळाली, तर सेपरेटेड फॅमिली क्वार्टरसाठी नाव नोंदवा. नवरा फील्डला असताना कुटुंबाला ठराविक लष्करी ठाण्यांत घर मिळतं. पुण्यात असं घर मिळालं तर सासूबाईंचे उपचार आणि मुलांची शाळा, दोन्ही मार्गी लागतात.

प्रश्न: मी अग्निवीर म्हणून आर्मी सर्व्हिस कोरमध्ये लागलो. मला मराठा लाइट इन्फंट्रीत जायचं आहे. अर्ज करू का? (पाटण)

नको. अग्निपथ योजनेच्या अटींतच आहे की अग्निवीराला कुठल्याही रेजिमेंटमध्ये, युनिटमध्ये नेमता येतं आणि संघटनेच्या गरजेनुसार हलवता येतं. स्वतःच्या पसंतीचा हक्क त्यात नाही. तुमची चार वर्षं ही खरं तर लांबलेली निवड आहे: जास्तीत जास्त २५ टक्के जण नियमित सेवेत घेतले जातात. त्या काळात पीटी, फायरिंग, ट्रेडची परीक्षा आणि शिस्त एवढ्यावरच लक्ष द्या.

जे अजून भरतीची तयारी करतायत, त्यांच्यासाठी दोन शब्द. कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडे सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हे येतात. ट्रेडची निवड ऑनलाइन अर्जातच करायची असते, मैदानावर नाही. बारावीचे गुण क्लार्कच्या अटीत बसत असतील, तर ‘आधी जनरल ड्युटीत लागू, मग क्लार्क होऊ’ हा हिशेब करू नका. वरच्या खटावच्या उत्तरात त्याची अडचण दिसेलच.

प्रश्न: तोफखान्यात गनर आहे, वय २४. पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये जायचं स्वप्न आहे. बाहेरच्या कोरचा माणूस घेतात का? (ता. शिराळा)

घेतात. पॅराशूट रेजिमेंट आणि स्पेशल फोर्सेस स्वेच्छेने येणाऱ्यांवरच चालतात, आणि दुसऱ्या आर्म्समधून येण्याची रीत जुनी आहे. मराठ्यांचं तर तिथे घरचं नातं आहे: १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ३ मराठा हीच तिची दुसरी बटालियन झाली, आणि आजची २१ पॅरा स्पेशल फोर्सेस ही पूर्वीची २१ मराठा लाइट इन्फंट्री.

रेजिमेंटकडून व्हॉलंटियर मागवणारं पत्र युनिटला येतं. ते आलं की अर्ज, मेडिकल, सीओंची शिफारस, आणि मग बोलावणं. त्यानंतर प्रोबेशन. तिथे बहुतेक जण परत जातात, आणि ते परत का जातात हे समजून घ्या. पळण्यात कमी पडणारे थोडे. जास्त जण झोप तुटल्यावर, पाठीवर वजन असताना, पायाला फोड आल्यावर डोकं थंड ठेवू शकत नाहीत. दुसरं कारण जुनी दुखणी: नडगीचा दुखावा, गुडघा, कंबर. आपल्याकडची मुलं डांबरी रस्त्यावर साध्या बुटांत रोज दहा-दहा किलोमीटर पळतात आणि नडग्या दुखावून घेतात. मातीवर पळा, चांदोलीकडच्या डोंगरात सुट्टीत वजन घेऊन चढा, वजन हळूहळू वाढवा, दर आठवड्याला थोडंच. बीपीईटीतले (सैन्याच्या शारीरिक क्षमता चाचणीतले) पाच किलोमीटर पूर्ण साजासह धावण्यात तुम्ही आज ‘एक्सलंट’मध्ये नसाल, तर आधी ते गाठा. दोर चढणं आणि पोहणं जमत नसेल तर आत्ताच शिका.

प्रोबेशन पार झाल्यावर आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये बेसिक कोर्स, पाच उड्या, त्यातली एक रात्रीची. नाही जमलं तर तुम्ही आपल्या युनिटला परत येता. त्यात कमीपणा काही नाही, हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवा. नाहीतर गावभर पेढे वाटले जातात आणि परत आलेल्या पोराला मान वर करवत नाही.

एनएसजीचंही (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचंही) बरेच वाचक विचारतात. तिथे जाणं म्हणजे मानेसरला प्रतिनियुक्ती. मुदत संपली की आपल्या युनिटला परत. तो कायमचा कोर बदल नाही.

प्रश्न: भावकीने बांध कोरून जमीन दाबली, दिवाणी दावा चालू आहे. दर तारखेला सुट्टी मिळत नाही. त्यासाठी घराजवळ बदली मागतोय. (ता. जत)

जमिनीच्या वादासाठी कायमची बदली मिळणं अवघड आहे. मिळाली तरी तारखा वर्षानुवर्षं चालतात, आणि तुमची पोस्टिंग त्याआधी संपेल. यासाठी वेगळं हत्यार आहे, आणि ते फार कमी जवानांना माहीत आहे: इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट, १९२५. युद्धस्थितीत, परदेशात किंवा कायद्यात सांगितलेल्या खास परिस्थितीत सेवा करणाऱ्या जवानाविरुद्धचा दिवाणी किंवा महसुली दावा, त्याची बाजू मांडायला कुणी नसेल तर, न्यायालय स्थगित ठेवू शकतं. युनिटकडून तसं प्रमाणपत्र आलं की न्यायालय ते ग्राह्य धरतं. जिल्हाधिकाऱ्यांनाही न्यायालयाला तसं कळवण्याचा अधिकार आहे. तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून घेण्याची तरतूदही याच कायद्यात आहे, आणि अशा सेवेचा काळ मुदतीतून वगळला जातो.

करायचं एवढंच: दाव्याचा नंबर, न्यायालय, पुढची तारीख, सातबारा आणि मोजणीचा नकाशा, हे सगळं सीओ साहेबांकडे अर्जासोबत द्या. त्यांच्या सहीचं पत्र सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना जाऊ द्या. जिल्हाधिकारी हेच जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात. वडिलांना किंवा पत्नीला मुखत्यारपत्र करून द्या आणि वकील नेमा. मोजणीच्या तारखेला मात्र स्वतः हजर राहायला बघा. सुट्टी त्या दिवसासाठी राखून ठेवा.

प्रश्न: गुडघ्याला मार लागला. मित्र म्हणतात, कॅटेगरी लावून घे, सेंटरला स्टोअरमध्ये आरामाची ड्युटी मिळते. (ता. कोरेगाव)

मित्रांचं ऐकू नका. गुडघा खरंच दुखत असेल तर मेडिकल ऑफिसरकडे जा, उपचार घ्या, आणि डॉक्टर जी कॅटेगरी देतील ती घ्या. पण हलकी ड्युटी मिळावी म्हणून कॅटेगरी मागून घेणं हा फार महागाचा सौदा आहे. शेप-वन (पूर्ण तंदुरुस्तीचा दर्जा) सुटलं की प्रमोशन, चांगले कोर्स, ईआरई, सेवावाढ आणि निवृत्तीनंतर डिफेन्स सिक्युरिटी कोरमधली फेरभरती, या प्रत्येक ठिकाणी तुमची मेडिकल कॅटेगरी बघितली जाते. पंचविशीत घेतलेल्या आरामाची किंमत चाळिशीत मोजावी लागते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट आली नाही, आणि तीच सगळ्यात तातडीची आहे: मार कधी, कुठे लागला? ड्युटीवर, खेळताना किंवा सुट्टीच्या प्रवासात लागला असेल, तर इंज्युरी रिपोर्ट भरला गेलाय का ते बघा. त्यावर साक्षीदार आणि सीओंचं मत लागतं. तो त्याच वेळी भरला नाही आणि दहा वर्षांनी गुडघा निकामी झाला, तर मार सेवेमुळे लागला हे सिद्ध करताना हात रिकामे राहतात. पेन्शनचे कितीतरी दावे याच एका कागदावाचून अडतात. तात्पुरती कॅटेगरी साधारण २४ आठवड्यांची असते. रिव्ह्यूची तारीख चुकवू नका, आणि बरं झाल्यावर वरच्या कॅटेगरीत येण्यासाठी स्वतः मेडिकल बोर्ड मागा.

प्रश्न: हवालदार आहे, नोकरीची शेवटची काही वर्षं उरली. सातारा किंवा सांगलीच्या एनसीसी बटालियनमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणून यायचं आहे. (ता. माण)

ही ईआरई पोस्टिंग आहे. रेकॉर्ड ऑफिस नावं काढताना ड्रिल आणि शस्त्रांचे कोर्स आणि त्यातली ग्रेडिंग, मेडिकल कॅटेगरी, शिस्तीची नोंद आणि आधी किती ईआरई झाल्या, हे बघतं. चांगल्या ग्रेडचा ड्रिल कोर्स असेल तर तुमची बाजू मजबूत. नसेल, आणि कोर्सची जागा युनिटला आली, तर मागून घ्या.

वेळेचं गणित महत्त्वाचं. पोस्टिंगचं नियोजन कित्येक महिने आधी होतं, त्यामुळे जागा रिकामी झाल्याचं कानावर आल्यावर केलेला अर्ज उशिराचा ठरतो. शेवटच्या टप्प्यात घराजवळची पसंती विचारली जाते, तेव्हा सातारा-सांगली एवढंच लिहून थांबू नका. कोल्हापूर, पुणे, सोलापूरही घाला. दोन शहरांत मोजक्या जागा असतात आणि मागणारे आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले, म्हणजे भरपूर. पोस्टिंग मिळाल्यावर घरच्या शेतीकडे बघायला वेळ मिळेल, अशी अपेक्षा मात्र फार ठेवू नका. कॅम्प सुरू झाले की एनसीसीचा पीआय (पर्मनंट इन्स्ट्रक्टर) स्टाफ दहा-दहा दिवस घराबाहेर असतो.

प्रश्न: ओळखीतला एक जण म्हणतो, दोन लाख दिले तर रेकॉर्ड ऑफिसमधून ऑर्डर काढून देतो. (नाव-गाव देऊ नये)

देऊ नका. असे लोक नेहमी एकच करतात: ज्याची बदली नियमाने होणारच होती त्याच्याकडून पैसे घेतात आणि श्रेय स्वतःकडे ठेवतात, ज्याची होत नाही त्याला झुलवत ठेवतात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवावं लागतं. आणि मूव्ह ऑर्डर (नव्या ठिकाणी रवाना होण्याचा हुकूम) किंवा युनिटचं नाव-ठिकाण असलेला कुठलाही कागद अशा माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. त्याने तुमची नोकरी जाऊ शकते आणि तुमच्या पलटणीतल्या साथीदारांचा जीव धोक्यात येऊ शकतो.

प्रश्न: कम्पॅशनेट अर्ज फेटाळला. मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाऊ का? (ता. वाळवा)

तिथे हा विषय चालत नाही. सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा, २००७ मध्ये ‘सेवाविषयक बाबी’ कोणत्या ते कलम ३ मध्ये दिलं आहे, आणि त्यातून बदली-पोस्टिंग स्पष्टपणे वगळली आहे. रजाही. वकिलाची फी भरण्याआधी हे त्याच्याकडून वाचून घ्या.

पहिलं पाऊल: फेटाळण्याचं कारण लेखी मिळवा. कागद अपुरे, जागा नाही, की कारण पुरेसं गंभीर वाटलं नाही? पहिल्या दोन कारणांत पुन्हा अर्ज करणं हाच शहाणपणा. नवे वैद्यकीय कागद जोडा, ठिकाणाचे पर्याय वाढवा. अन्याय झालाय असं वाटत असेल, तर आर्मी अ‍ॅक्ट, १९५० च्या कलम २६ प्रमाणे तक्रार करता येते. तारखा आणि पत्रांचे क्रमांक घालून दोन पानांत लिहा, कुणावर व्यक्तिगत आरोप करू नका. शेवटी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय उरतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली-सातारा त्याच्याच अखत्यारीत येतात, त्यामुळे मुंबईची खेप वाचते. पण सैन्यातल्या बदलीत न्यायालयं क्वचितच हात घालतात. नियमाचा उघड भंग किंवा आकस दाखवता आला तरच.

या सगळ्यात एक गोष्ट कधीही करू नका: मूव्ह ऑर्डर हातात असताना घरी थांबून राहणं. ऑर्डरविरुद्ध तक्रार चालू असली तरी आधी हजर व्हायचं. रजेशिवाय गैरहजेरी कलम ३९ खाली गुन्हा आहे, आणि ती नोंद झाली की तुमची खरी अडचणसुद्धा कुणी मोकळ्या मनाने ऐकत नाही.

प्रश्न: नौदलात आहे, पाणबुडीवर जायचं आहे. (मिरज)

डिव्हिजनल ऑफिसरकडे व्हॉलंटियर म्हणून नाव द्या. तिथून ते मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे जातं. मेडिकलमध्ये कान, दात आणि श्वसन बारकाईने बघतात, बंद जागेची भीती चालत नाही. प्रशिक्षण विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहनवर होतं. दात दुखत असतील तर नाव देण्याआधी दाखवून घ्या.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, पती सैन्यात. त्यांची बदली होत नाही, माझी होईल का? (ता. फलटण)

तुमची होण्याची शक्यता जास्त आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदलीधोरणात सैनिक आणि अर्धसैनिक जवानांच्या पत्नींना विशेष संवर्ग भाग एकमध्ये प्राधान्य आहे. पतीच्या युनिटकडून तो सेवेत असल्याचं चालू तारखेचं प्रमाणपत्र मागवून ठेवा. ऑनलाइन अर्जाची मुदत थोडी असते आणि फील्डमधून कागद यायला दिवस लागतात, म्हणून वेळापत्रक जाहीर होण्याची वाट न बघता ते आधीच आणून ठेवा. पोर्टलवर संवर्ग भरताना भाग एक निवडला आहे ना, हे फॉर्म पाठवण्यापूर्वी पुन्हा बघा.